खाजनात जिवाणू टाका, पण आधी मानशीचे दार नीट करा

खाऱ्या जमिनीत भाताला जिवाणूंचे बळ देता येते, हे आता प्रयोगशाळेतले गुपित राहिलेले नाही. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत या जिवाणूंवर काम झाले आहे. कर्नालच्या मृदा क्षारता संशोधन संस्थेच्या लखनौ केंद्राने ‘सीएसआर-बायो’ हे मिश्रण तिकडच्या चोपण जमिनींसाठी काढले. गोव्यात खाजन सुमारे 18 हजार हेक्टर धरले जाते. तेव्हा हा विषय आपल्या दारातला आहे.

भात मिठाला लवकर हार खातो. मातीची क्षारता 3 डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की पुढच्या प्रत्येक अंकामागे उत्पन्न साधारण 12 टक्क्यांनी घटते. मीठ वाढले की रोपात इथिलीन वायू जास्त तयार होतो व मुळांची वाढ खुंटते. काही जिवाणू हा वायू ज्या द्रव्यापासून बनतो तेच फोडून खातात. काही चिकट थर धरून सोडियम अडवतात. मात्र जिवाणू मीठ नाहीसे करत नाहीत, रोपाला ते सोसायला मदत करतात. हा फरक लपवून पाकिटे खपवणे म्हणजे शेतकऱ्याची फसवणूक.

खाजनाचे खरे दुखणे बांधात आहे. भरतीला मिटणारे आणि ओहोटीला उघडणारे मानशीचे दार शाबूत असेल, तर पावसाळ्यात क्षार धुऊन जातात आणि कोरगुट उभा राहतो. मासळीच्या लोभाने दार भलत्या वेळी उघडले, बांधाला भगदाड पडले आणि खारे पाणी आतच साचले, तर जिवाणूने करायचे काय? आम्ही बँकेत बसणारी माणसे. पीककर्ज पिकावर मिळते. शेत पडीक राहिले की कुळाच्या हाती अर्ज भरण्यापुरतेही कारण उरत नाही.

जैविक खते 2006 मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली. भुकटीच्या दर ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत पेशी हव्यात, असा नियम आहे. दुकानाच्या फळीवर उन्हाळाभर पडलेल्या पाकिटात त्यातल्या किती जगतात, हे कृषी खात्याने तपासावे. जिवाणू किती क्षारात टिकतो, तेही पाकिटावर छापावे. आणि वाटप करण्याआधी प्रत्येक खाजनात एक वाफा जिवाणूंचा, शेजारचा बिनजिवाणूंचा ठेवून कापणीनंतर दोन्हींचे वजन पंचायतीच्या फलकावर लावावे. खर्च एका बाजूला, जादा भात दुसऱ्या बाजूला. एवढा हिशेब कोणालाही कळतो.

दुसरा हिशेब मानशीच्या लिलावाचा. पुढचा लिलाव पुकारण्याआधी सभासदांनी बैठकीत उभे राहून विचारावे, की मागच्या लिलावाच्या रकमेतले किती रुपये बांधावर लागले, आणि त्याची पावती पाहायला मागावी.