राजधानीपासून एका दिवसावर: सहल निवडावी कशी?

१/
मोठ्या राजधानीजवळच्या एकदिवसीय सहलींची यादी मागितली की दहा ठिकाणे हाती पडतात. एक धबधबा, एक किल्ला, एक मंदिर, एक तलाव. त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो आणि राजधानीशी तर मुळीच नसतो. माझे मत असे की सहल एखादा प्रश्न घेऊन निवडावी. त्यासाठी उदाहरण घेते अशा राजधानीचे, जी आता कोणाच्याच यादीत नाही. #धागा

२/
ती राजधानी म्हणजे अचलपूर, जुने एलिचपूर. १२९६ मध्ये देवगिरीवर चालून जाताना अलाउद्दीन खलजी येथे थांबला होता. १४९० च्या सुमारास फतहुल्ला इमाद-उल-मुल्क बहमनींपासून स्वतंत्र झाला आणि येथून इमादशाहीचा कारभार चालू लागला. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती संपवली. ‘आईन-ए-अकबरी’तही वऱ्हाड सुभ्याची राजधानी म्हणून याच शहराची नोंद आहे.

३/
मी दर्यापूरची. आमच्या गावाहून अचलपूर उत्तरेस पन्नासएक किलोमीटर. तरीही आमच्याकडच्या इतिहासप्रेमी तरुणांना रायगडाचा प्रत्येक दरवाजा ठाऊक असतो आणि वऱ्हाडाला स्वतःची राजधानी होती, हे मात्र स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात भेटते. रायगडाला जावेच. पण तेथे जाणारी वाट घराच्या अंगणातून जाते, हेही विसरू नये.

४/
पहिला दिवस: नरनाळा.
प्रश्न: बंड करण्यापूर्वी सुभेदार काय लिहून ठेवतो?
अकोट तालुक्यातील या गडाचा महाकाली दरवाजा फतहुल्लाने १४८७ मध्ये उभारला. त्यावरील देखण्या शिलालेखात त्याच्या बहमनी धन्याचे, महमूदशहाचे, नाव आहे. अवघ्या तीनेक वर्षांत हाच सुभेदार स्वतंत्र होणार होता. निष्ठेची ती अक्षरे आजही दगडात शाबूत आहेत.

५/
त्या दरवाजाखाली दहा मिनिटे शांतपणे उभे राहावे. बखरीत किंवा तवारिखेत बंड एका वाक्यात उरकते. येथे मात्र कमान, नक्षी आणि कोरीव अक्षरांवर झालेला खर्च डोळ्यांना दिसतो. जो मनुष्य इतका भव्य दरवाजा बांधू शकतो, त्याच्याजवळ पैसा, कारागीर आणि महत्त्वाकांक्षा या तिन्ही गोष्टी आहेत, हे बिदरच्या दरबाराला कळले नसेल काय?

६/
दुसरा दिवस: गाविलगड.
प्रश्न: विजयनगरचे चिन्ह सातपुड्यात कसे आले?
चिखलदऱ्याजवळच्या या किल्ल्याच्या दिल्ली दरवाजावर सिंह आहेत, आणि हत्तींना पकडणारा दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षीही आहे. फिरिश्ता सांगतो की फतहुल्ला मूळचा विजयनगरकडील हिंदू कुळातला, बालपणी युद्धात पकडला गेलेला. या दोन गोष्टी जोडण्याचा मोह होतो. तो मोह दरवाजासमोर उभे राहून तपासावा.

७/
याच गडावर दुसरा प्रश्नही वाट पाहत असतो. दक्षिणेच्या मैदानातून पाहिले तर गाविलगड अजिंक्य वाटतो. मग १५ डिसेंबर १८०३ रोजी तो पडला कसा? आर्थर वेलस्लीने दक्षिणेकडे हूल दिली. स्टीव्हन्सनच्या सैन्याने डोंगरातून वळसा घालून, मोठ्या कष्टाने तोफा ओढत, उत्तरेची बाजू गाठली आणि खिंडार पाडले. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन्ही बाजू पायी पाहिल्या की हा डाव नकाशापेक्षा लवकर उमगतो.

८/
तिसरा दिवस: अडगाव आणि अंजनगाव सुर्जी.
प्रश्न: एका महिन्यात किती सत्ता जाऊ शकते?
२९ नोव्हेंबर १८०३, अडगावची लढाई. १५ डिसेंबर, गाविलगडाचा पाडाव. १७ डिसेंबर, वऱ्हाडातीलच देवगावचा तह: नागपूरकर रघूजी भोसल्यांनी कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. ३० डिसेंबर, सुर्जी-अंजनगावचा तह: दौलतराव शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब आणि दिल्लीच्या बादशहावरचा ताबा सोडला.

९/
हे पुन्हा वाचा. मराठ्यांची दिल्लीवरील सत्ता कागदावर जेथे संपली, ते गाव दर्यापूरला लागून असलेल्या तालुक्याचे मुख्यालय आहे. अंजनगाव आमच्या भागात पानमळ्यांसाठी ओळखले जाते. तेथे गेल्यावर भव्य असे काही दिसणार नाही, आणि माझ्या मते म्हणूनच तेथे जावे. साम्राज्ये मावळतात ती पुष्कळदा अशाच साध्या गावांच्या शिवारात, तंबूत बसून.

१०/
चौथा दिवस: दर्यापूर, लासूर, पूर्णाकाठ.
प्रश्न: राजधानी खात काय होती आणि पाणी कोठून पीत होती?
पूर्णेच्या खोऱ्यातील हा भाग खारपाणपट्ट्यात येतो. जमीन काळी, कसदार. विहिरीचे पाणी मात्र खारे. अचलपूर सातपुड्याच्या पायथ्याशी, सापन आणि बिच्छन या नद्यांजवळ वसले, याचे एक कारण मला या पाण्यात दिसते. धान्य-कापूस मैदानाचा, पाणी आणि गड डोंगराचे.

११/
पण खाऱ्या पाण्याचा प्रदेश म्हणजे ओसाड प्रदेश, असे समजू नये. दर्यापूर तालुक्यात पूर्णाकाठी लासूरचे आनंदेश्वर मंदिर आहे, हेमाडपंती बांधणीचे, सुलतानांच्या राजधानीहून जुने. इतके कोरीव दगडकाम ज्या काठाला परवडले, त्या काठावर संपन्न वस्ती असलीच पाहिजे. राजधानी नंतर आली. तिला पोसणारी शेती आधीपासून होती.

१२/
दर्यापूरचे जुने रेल्वे स्थानक बनोसा नावाचे. मूर्तिजापूर ते अचलपूर ही ७६ किलोमीटरची अरुंद मार्गिका, म्हणजे आमची ‘शकुंतला’, येथूनच जात असे. ती टाकली गेली वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर, तेथून मुंबईला पोहोचवण्यासाठी. या नकाशात एकेकाळची राजधानी शेवटचे स्थानक झाली. १९०५ मध्ये तर एलिचपूर हा जिल्हाही अमरावतीत विलीन झाला. आता ती गाडीही बंद आहे.

१३/
आक्षेप येईल: यात मजा कोठे? ऊन, धूळ, सोयींचा अभाव. आक्षेप खोटा नाही. म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत निघावे. नरनाळा मेळघाटच्या जंगलात आहे. शहानूरला वनविभागाचे नियम विचारून वर जावे, पाणी सोबत न्यावे, दिवस मावळण्याआधी उतरावे. पावसाळ्यात चिखलदरा रम्य असतो, पण धुक्यात गाविलगड हरवतो. गर्दी ‘पॉइंट’वर आणि गड रिकामा, हे दृश्य तेव्हाचेच.

१४/
मजेचे म्हणाल तर ती उत्तर शोधण्यात आहे. दिवसाला एकच प्रश्न, एकच मोठे ठिकाण, वाटेत एक साधे गाव आणि निदान तासभर पायपीट. एवढे पथ्य पाळले तरी पुरे. सहा ठिकाणे उरकणारा मनुष्य संध्याकाळी छायाचित्रे मोजतो. एका दरवाजापाशी रेंगाळलेला मनुष्य परतीच्या गाडीत शेजाऱ्याशी वाद घालतो. मला दुसऱ्याचा सहवास आवडेल.

१५/
हे पथ्य मुंबईकरांनाही लागू पडते. ‘मुंबईच्या आधी या किनाऱ्याची बाजारपेठ कोठे होती?’ एवढा प्रश्न खिशात टाका. मग कान्हेरीच्या शिलालेखांत सोपारा आणि कल्याणचे दाते भेटतील, नालासोपाऱ्याचा स्तूप आठवेल, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला वसईचा कोट हा त्याच गोष्टीचा पुढचा अध्याय वाटेल. ठिकाणे जुनीच, धागा नवा.

१६/
अखेरचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीचा. ज्या वास्तूकडे कोणी प्रश्न घेऊन येत नाही, तिच्या भिंतीवर लोक स्वतःची नावे लिहितात. तिची डागडुजी कोणी मागत नाही, कारण ती पडली हे कोणाला कळतच नाही. अचलपूर, नरनाळा, लासूर यांना घोषणांपेक्षा विचारपूस करणाऱ्या चार डोळस पाहुण्यांची गरज अधिक आहे. येत्या हिवाळ्यातला एक रविवार राखून ठेवा आणि तुमच्या राजधानीबद्दलचा तुमचा प्रश्न खाली लिहा.