डिकीतला सिलिंडर आणि कागदावरची मान्यता

इंदूरच्या विमानतळावर उतरून महाकालेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या गोमंतकीय कुटुंबाची आणि माळव्यातील वाहतुकीची पहिली गाठ बहुधा भाड्याच्या मोटारीच्या डिकीपाशी पडते. डिकी उघडते, आत आडवा सिलिंडर दिसतो आणि सामान टपावरच्या कॅरियरवर चढते. पुढचे पंचावन्न किलोमीटर त्या सिलिंडरला पाठ टेकूनच पार पडतात. तो कारखान्यात बसवला गेला की एखाद्या गॅरेजमध्ये, हा प्रश्न प्रवाशाच्या मनात क्वचितच येतो. उज्जैनमध्ये २०२८ च्या उन्हाळ्यात सिंहस्थ भरणार असल्याने तो आता विचारणे भाग आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुला झाल्यापासून उज्जैनची गर्दी सणावारांपुरती उरलेली नाही. ती वाहून नेणाऱ्या टॅक्सी, व्हॅन आणि मॅजिक गाड्यांच्या मालकांसाठी सीएनजी हा पर्यावरणाचा नव्हे, तर हप्ता फेडण्याचा मार्ग आहे. या भागात गॅस पुरवणाऱ्या कंपनीचे नावही उज्जैनच्या प्राचीन नावावरून ‘अवंतिका’ असे ठेवलेले आहे. गेल आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांची ती संयुक्त कंपनी. जुन्या पेट्रोल गाडीला किट बसवून घेणे नव्या गाडीपेक्षा स्वस्त पडते, म्हणून किटचा व्यवसाय चालतो.

गाडीतील इंधनव्यवस्था बदलणे ही भारतीय कायद्याच्या दृष्टीने गंभीर बाब आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपासून फारकत घेऊ देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. मात्र याच कलमात इंधन बदलणाऱ्या किटसाठी एक दार उघडे ठेवलेले आहे. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने ते बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही खुले झाले. अट एकच: किटला मान्यता हवी. पुण्याची एआरएआय किंवा इंदूरपलीकडच्या पीथमपूरची नॅट्रॅक्स यांसारख्या संस्था ती देतात आणि दर तीन वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते.

तथापि ही मान्यता नमुन्याला मिळते, गाडीला नव्हे. संस्थेच्या आवारात तज्ज्ञांनी बसवलेले किट तपासले जाते आणि त्या आधारावर तशीच किटे गल्लोगल्लीच्या गॅरेजांत बसतात. ब्रिटनमध्ये सुटे भाग आणून घरच्या शेडमध्ये मोटार बांधणाऱ्या हौशी मंडळींना वेगळ्या वाटेने जावे लागते. तेथे तपासनीस ती एकच गाडी समोर उभी करून तपासतो. टाकी घट्ट बसली आहे का, नळ्या तापणाऱ्या भागांपासून दूर आहेत का, झाकण गळते का, हे पाहतो. आपल्याकडे ही नजर आरटीओच्या नोंदीच्या वेळी अपेक्षित आहे. व्यवहारात प्रमाणपत्रे पाहून नोंदणी पुस्तिकेत इंधनाचा रकाना बदलला की काम संपले, असे होण्याचा धोका तेथेच आहे.

धोका किटच्या धातूत फारसा नसतो, तो जोडणीत असतो. गॅस भरताना सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो. गाडीच्या टायरमधील हवेचा दाब याच्या शतांशाच्या आसपास. ६० लिटर क्षमतेचा पोलादी सिलिंडर पन्नास-साठ किलोंचा असतो. तो डिकीच्या पातळ पत्र्याला चार बोल्टांनी आवळला आणि खाली आधाराची पट्टी दिली नाही, तर मागून बसलेल्या धडकेत तो जागचा सुटू शकतो. झडपेवरचे गॅसरोधक आवरण व बाहेर जाणारी नळी नीट नसेल, तर गळलेला वायू प्रवाशांच्या आसनांपर्यंत येतो.

जुनी पेट्रोल टाकी तर सगळेच विसरतात. कारखान्यातूनच सीएनजीवर येणाऱ्या सुपर कॅरीसारख्या मालवाहू गाडीत पेट्रोलची टाकी अवघी ५ लिटरची असते. किट बसवलेल्या गाडीत मात्र मूळची मोठी टाकी तशीच राहते आणि मालक तिच्यात जेमतेम तळ झाकेल इतकेच पेट्रोल ठेवतो. टाकीतला पंप इंधनातच थंड राहतो. इंधन नसेल तर तो जळतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉल ओलावा शोषते. जवळजवळ रिकाम्या टाकीत पाणी साचते, पत्रा आतून गंजतो. शिवाय रिकामी वाटणारी टाकी पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते. गळकी टाकी स्वच्छ न करता वेल्डिंगला नेणारा मेकॅनिक भरलेल्या टाकीपेक्षा मोठा धोका पत्करत असतो. टाकीत पाणी गेले की काय होते, याचे दर्शन जून २०२५ मध्ये शेजारच्या रतलामला घडलेच होते. उज्जैनचेच असलेल्या मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यातील १९ गाड्या पाणीमिश्रित डिझेलमुळे बंद पडल्या आणि ढकलाव्या लागल्या. तेथे दोष टाकीचा नव्हता, पण बातमी होण्यासाठी ताफा मुख्यमंत्र्यांचा असावा लागला.

सिलिंडरची दर तीन वर्षांनी जलदाब चाचणी सक्तीची आहे. ती नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेच्या अखत्यारीत येते. गाडीची नोंद आरटीओकडे आणि गॅस भरणे पंपावरच्या कामगाराच्या हाती. मुदत संपलेल्या सिलिंडरला गॅस नाकारण्याची जबाबदारी या साखळीतील सर्वांत कमी पगाराच्या माणसावर पडते आणि तीही मागे रांग लागलेली असताना. चाचणीसाठी सिलिंडर उतरवावा लागतो, म्हणजे टॅक्सीवाल्याचा दिवस बुडतो. त्याच्या टाळाटाळीमागे बेफिकिरीपेक्षा हे गणित अधिक आहे.

गोव्याची स्थिती याहून फार निराळी नाही. उत्तरेत गेल आणि भारत पेट्रोलियमची संयुक्त कंपनी, दक्षिणेत इंडियन ऑइल-अदानी गॅस यांच्यामुळे सीएनजी पंप आले तसे किटही येत आहेत. विम्याची बाब येथेही उपेक्षित आहे. किटची नोंद पॉलिसीत करायला तृतीय पक्षासाठी अवघे ६० रुपये आणि स्वतःच्या नुकसानीसाठी किटच्या किमतीच्या ४ टक्के लागतात. ती नसेल तर अपघातानंतर कंपनीला भरपाई नाकारण्याचे निमित्त मिळते.

खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षे योग्यता तपासणी नसते, त्यामुळे तिचा सिलिंडर पंपावाचून कोणासमोर येतच नाही. टॅक्सीचे तसे नाही. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तिला आरटीओच्या दारात यावे लागते. म्हणजे उज्जैनच्या बहुतेक टॅक्सी सिंहस्थाआधी निदान एकदा तपासनिसासमोर उभ्या राहतील. त्या खेपेला ब्रेक आणि दिव्यांबरोबर डिकी उघडून सिलिंडरच्या चाचणीची तारीख वाचायला नवा कायदा लागत नाही. प्रत्येक गाडीमागे पाच मिनिटे लागतात.