माहितीपत्रक कोणाच्या सोयीसाठीं?

परीक्षांचे निकाल लागले कीं शिकवणीवर्गांचीं रंगीत माहितीपत्रकें घरोघरीं येऊं लागतात. यशस्वी विद्यार्थ्यांचे हसरे चेहरे त्यांत ठळक असतात. फी परत मिळण्याच्या अटी मात्र शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत असतात. असलीं पत्रकें कशीं पारखावीं, हें एका जुन्या पत्रकावरून शिकण्यासारखें आहे, असें आम्हांस वाटतें.

लंडनच्या भुयारी रेल्वेचे नकाशे पूर्वी बव्हंशीं प्रत्यक्ष भूगोलास धरून काढीत. त्यामुळें मध्यभागीं स्थानकांची दाटी होई आणि दूरच्या उपनगरांस कागद पुरत नसे. हॅरी बेक नांवाच्या नकाशे काढणाऱ्या नोकरानें १९३१ सालीं निराळीच युक्ति योजिली. त्यानें सर्व मार्ग उभ्या, आडव्या व ४५ अंशांत कललेल्या रेषांनीं दाखविले, मध्यभाग मोठा केला, उपनगरें जवळ ओढलीं आणि जमिनीवरील खुणांपैकीं थेम्स नदी तेवढी ठेविली. अधिकाऱ्यांनीं आराखडा प्रथम नाकारिला. पुढें १९३२ सालीं ५०० प्रतींचा प्रयोग झाला, आणि जानेवारी १९३३ मध्यें खिशांत मावणाऱ्या घडीपत्रकाच्या लाखों प्रती निघाल्या. त्याच्या मुखपृष्ठावर लोकांचा अभिप्रायही मागितला होता. तो आराखडा लोकांस इतका पटला कीं आजचा नकाशाही त्याच पद्धतीचा आहे.

कोणी म्हणेल, बेकनेंही सत्य झांकलेंच! लेस्टर स्क्वेअर व कॉव्हेंट गार्डन हीं स्थानकें एकमेकांपासून पायीं कांहीं मिनिटांवर आहेत, हें त्याचा नकाशा सांगत नाहीं. हा आक्षेप रास्त आहे. परंतु गाडींत बसणारास मैलांचा हिशेब नको असतो. कोठें चढावें, कोठें गाडी बदलावी व कोठें उतरावें, एवढेंच त्यास हवें असतें. बेकनें जें गाळलें तें प्रवाशाच्या सोयीसाठीं. शिकवणीवर्गाच्या पत्रकांत जें बारीक होतें, तें विकणाराच्या सोयीसाठीं. गाळणें दोघांचेंही, हेतु मात्र भिन्न.

म्हणून पालकांनीं चकचकीत कागदास भुलूं नये. फी भरण्यापूर्वी शेवटचें पान प्रथम वाचावें, आणि किती विद्यार्थ्यांपैकीं इतके यशस्वी झाले, हें नि:संकोच विचारावें. आणि विद्यार्थिमित्रहो, स्नेहसंमेलनाचें वा विज्ञानप्रदर्शनाचें पत्रक तुम्ही कराल तेव्हां दिवस, वेळ, जागा व शुल्क हीं ठळक लिहा, वेलबुट्टी कमी करा, आणि छापण्यापूर्वी तें एखाद्या अनोळखी माणसास वाचावयास द्या. त्यास तुम्हांला कांहींच विचारावें लागलें नाहीं, तर तें पत्रक उत्तम समजावें.