घमेलं आमचं, बंधारा कंपनीचा

एका शनिवारी रात्री मी चौदा वर्षांच्या एका मुलाचं तोंड बंद केलं, आणि तेही फुकट.

मुलगा एका ऑनलाइन गेमच्या कंपनीच्या चॅट सर्व्हरवर सगळ्यांसमोर लिहीत होता. आई डबे करते, तिच्या यूपीआयचा पिन त्याला पाठ. गेममधल्या बंदुकीच्या एका स्किनसाठी, म्हणजे तिच्या नव्या रंगरूपासाठी, तो पैसे भरून स्पिनचं, म्हणजे नशिबाचं, चक्र फिरवत गेला, आज शंभर, उद्या दोनशे, असं करत 8,400 रुपये गेले. चूक माझीच आहे, हे तो स्वतःच म्हणत होता. त्याची मागणी एवढीच, की कोणीतरी माणसाने उत्तर द्यावं. तीन वेळा तक्रारीचं तिकीट टाकलं, तिन्ही वेळा तोच ठरावीक मजकूर परत आला. दहा मिनिटांत त्याच्याखाली 'माझेपण गेले', 'माझेपण गेले' अशी रांग लागली. तेवढ्यात कंपनीच्या पगारी माणसाचा मला खासगीत निरोप आला: हे सगळं उडव, मुलाला सात दिवस म्यूट कर, पैशांचा विषय चॅटवर नको. मी मॉडरेटर, म्हणजे चॅटची राखण करणारी, होते. एकेक करून 41 मेसेज पुसले आणि मुलाला म्यूट केलं. त्याचा शेवटचा मेसेज होता, 'ताई, तुम्ही तरी बघा ना.' तोही पुसला.

असल्या कामासाठी मी 19 महिने राबले. शुक्रवार, शनिवार, रविवार, रात्री दहा ते दोन. दिवसा मी एका कर सल्लागाराकडे हिशेब लिहिते, म्हणून नोंद ठेवायची सवय आहे. वहीत 946 तास भरले. बदल्यात काय मिळालं? हिरव्या रंगातलं नाव, वर्षातून दोनदा थोडे डायमंड, म्हणजे गेममधलं चलन, आणि दिवाळीला 'तुम्ही आमचं कुटुंब आहात' असा मेल.

कंपनी मला स्वयंसेवक म्हणायची. पण माझी ड्युटी तक्त्यात लागायची. सुट्टी हवी तर तीन दिवस आधी कळवायचं. एका शुक्रवारी भावाच्या साखरपुड्यामुळे चाळीस मिनिटं उशीर झाला, तर लेखी समज मिळाली. गोपनीयतेच्या करारावर सही घेतली होती, म्हणजे आत काय चालतं ते बाहेर बोलायचं नाही. तक्ता, हजेरी, समज, करार, वर साहेब. ज्या जागी हे सगळं असतं तिला आपल्याकडे नोकरी म्हणतात. यातून फक्त पगार वजा केला आणि उरलेल्याला 'सेवा' हे नाव दिलं.

सेवा काय असते ते मराठी माणसाला शिकवायला जाऊ नये. आमच्याकडे गणपती मंडळाचा कार्यकर्ता दहा दिवस झोपत नाही आणि कोणाकडे पैसे मागत नाही. 2016 पासूनची काही वर्षं पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेसाठी गावंच्या गावं उन्हात घमेली घेऊन श्रमदानाला उतरली. मीही मामाच्या गावी चार दिवस माती उचलली आहे. हाताला फोड आले, पण त्याचं काही वाटलं नाही, कारण चर खणला तो गावचा, त्यात मुरलं ते पाणी गावच्या विहिरींना लागलं. गेममध्ये माती आम्ही उचलली आणि पाणी गेलं कंपनीच्या विहिरीत. आम्ही चॅट स्वच्छ ठेवतो म्हणून पालक मुलांना खेळू देतात, मुलं टिकतात म्हणून डायमंड विकले जातात. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी शिव्या कंपनीच्या फिल्टरला कळत नाहीत, त्या मला कळतात. एखादा मोठा माणूस पोरीचं वय विचारून तिला दुसऱ्या अ‍ॅपवर बोलावतो, तेव्हा त्या वाक्याचा वास मला येतो. हे कसब आहे. त्याला बाजारात किंमत आहे, आणि कंपनीला ती पक्की ठाऊक आहे.

हा धंदा नवा नाही. अमेरिकेत एओएल या कंपनीने आपल्या चॅटरूम सांभाळायला हजारो 'कम्युनिटी लीडर' नेमले होते. आठवड्याला ठरलेले तास भरायचे, कामाचे अहवाल द्यायचे, मोबदला म्हणून इंटरनेटचं खातं फुकट किंवा सवलतीत. 1999 साली त्यांच्यातल्या दोघांनी न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात दावा लावला: आम्ही कामगार आहोत, किमान वेतन द्या. गेममध्येही तेच झालं. 'अल्टिमा ऑनलाइन' हा गेम 1997 चा. एकाच जगात हजारोंनी एकत्र खेळायच्या पहिल्या मोठ्या खेळांपैकी एक. त्यात अडकलेल्या, गोंधळलेल्या खेळाडूंना मदत करायला बिनपगारी 'काउन्सेलर' होते. त्यांच्यातल्या काहींनी 2000 साली गेमच्या मालक कंपनीला, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला, कोलोराडोच्या न्यायालयात खेचलं. 1938 सालचा अमेरिकेचा मजुरी कायदा त्यांनी पुढे केला. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीत 'स्वयंसेवक' कसला, हा त्यांचा प्रश्न होता. 2002 मध्ये न्यायालयाने बाकीच्या काउन्सेलरांनाही खटल्यात सामील व्हायची वाट मोकळी केली.

एओएलचा दावा 2010 मध्ये दीड कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला. अकरा वर्षं लागली. ज्यांनी कॉलेजात असताना चॅटरूम राखल्या, त्यांची पोरं शाळेत जायच्या वयाची झाली असतील. गेमवाल्यांनी या खटल्यांतून एक धडा मात्र नीट गिरवलेला दिसतो: घड्याळाची नोंद ठेवायची नाही. माझ्या तासांचा हिशेब कंपनीकडे कुठेही नाही. तो फक्त माझ्या वहीत आहे.

आता खेळाडूंचं बघा. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'फोर्टनाइट'वाल्या एपिक गेम्सकडून 52 कोटी डॉलर कबूल करून घेतले. त्यातले साडेचोवीस कोटी फसवून झालेल्या खरेदीच्या परताव्यासाठी. कमिशनचं म्हणणं असं होतं, की बटणांची मांडणीच अशी की चुकून दाबलं तरी खरेदी व्हावी. दहा लाखांवर तक्रारी आल्या, त्यांकडे कंपनीने काणाडोळा केला. आणि ज्यांनी आपल्या कार्ड कंपनीकडे दाद मागितली त्यांची खातीच कुलूपबंद केली, म्हणजे आधी घेतलेला मालही गेला. ते वाचताना मला त्या शनिवारची आठवण झाली. ओरडणाऱ्याचं ऐकायचं नाही, त्याचा आवाज बंद करायचा, ही रीत तिथून इथपर्यंत एकच आहे. तिथे खात्यांना कुलूप लागलं, इथे तोंडाला, आणि ते लावणारी मी होते.

युबिसॉफ्ट या गेम कंपनीने तर 'द क्रू' हा 2014 सालचा गाड्यांचा गेम 31 मार्च 2024 ला बंदच करून टाकला. गेम चालायला कंपनीचा सर्व्हर लागायचा. सर्व्हर गेला आणि रोख पैसे मोजून घेतलेला गेम, एकट्याने खेळायचा भागसुद्धा, निकामी झाला. पाठोपाठ लोकांच्या खात्यांतून परवानाही काढून घेतला. त्या संतापातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि 2025 च्या जुलैपर्यंत युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांवर सह्या झाल्या. माणसं पैसे परत मागत नव्हती. विकलेली वस्तू मोडू नका, एवढंच सांगत होती.

आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे गेम बंद केले, ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. बरंच झालं. पण स्किन, स्पिन, डायमंडवाल्या खेळांत रात्री दोनपर्यंत कोण जागतं, ते कोणी विचारलं नाही. त्याआधीच्या, 2020 सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या आहे. काम करून त्यातून कमाई करणारा, पण नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेरचा, तो गिग कामगार. मी ती व्याख्या दोनदा वाचली. माझी कमाई शून्य, म्हणून मी त्यातही बसत नाही. डबा पोचवणाऱ्या पोराला कायद्यात निदान नाव तरी मिळालं, मला तेही नाही. म्हणजे कंपनीने जितकं कमी द्यावं तितकी ती सुरक्षित.

लोक म्हणतात, तुला जबरदस्ती कोणी केली? कोणीच नाही. मी याला वेठबिगारी म्हणणार नाही. ज्यांनी पोटासाठी वेठ भोगली त्यांचा तो अपमान होईल. मला तो खेळ आवडत होता. रात्रीच्या त्या पोरापोरींचा मला लळा लागला होता. पण नर्सलाही रुग्णांचा लळा लागतो, म्हणून कोणी तिचा पगार कापत नाही. लळ्याचं भांडवल करून ज्याने नफा कमावला त्याने मजुरी द्यावी, आणि द्यायची नसेल तर तक्ता, समज आणि करार काढून घ्यावा. दोन्ही खिशांत हात घालायचा नाही.

सगळ्यात जास्त राग मला पैशांचा नाही. कंपनीने आमच्यातलीच माणसं पुढे उभी करून आमच्यावरच सोडली, त्याचा आहे. खेळाडूला वाटतं, ताई आपली आहे. म्हणूनच ताईकडून मेसेज पुसून घ्यायचे. पगारी माणसाचं नाव कुठेच दिसत नाही. शिव्या मी खाल्ल्या, त्या मुलाच्या मनात दार लावणारीही मीच राहिले.

तीन आठवड्यांनी मी राजीनामा पाठवला. त्यात त्या मुलाचं तिकीट, तारखा आणि पुसलेल्या मेसेजची संख्या लिहिली. उत्तर आलं नाही. चार मिनिटांत माझं नाव हिरव्याचं राखाडी झालं आणि मॉडरेटरांची खोली माझ्यासाठी बंद झाली. पुढच्याच आठवड्यात सर्व्हरवर नव्या मॉडरेटरांसाठी फॉर्म लागला. पहिली अट: शनिवारी रात्री उपलब्ध असावे.

आमच्या गल्लीतला अकरावीचा पोरगा मध्यंतरी विचारत होता, 'ताई, भरू का?' मी म्हटलं, तासाला किती देणार ते आधी विचार, आणि लेखी विचार. त्याने विचारलंय. आज नऊ दिवस झाले.