पराभवाचें कारण आणि कुंभाराचें गाढव

आमच्या घरांत आमचे दोन पुतणे आहेत. दोघेही शिकलेसवरलेले, नोकरीस लागलेले, आणि दोघेही टायगर वूड्स या अमेरिकन गोल्फ खेळाडूचे एकनिष्ठ भक्त. गोल्फची काठी दोघांपैकीं एकानेंही कधीं हातांत धरलेली नाहीं. परंतु भक्तीस अधिकार लागत नाहीं, हें सर्वश्रुतच आहे. गेलीं कित्येक वर्षें रात्रीच्या पानावर या दोघांचा एकच वाद आम्ही ऐकत आलों. तो वाद म्हणजे, वूड्स हरतो कां? पुढें १४ एप्रिल २०१९ रोजीं मध्यरात्रीच्या सुमारास माजघरांतून अशी कांहीं आरोळी उठली कीं, घरांत चोर शिरला असें वाटून आमची मंडळी दिवा लावून बाहेर आली. वूड्स जिंकला होता! दुसऱ्या दिवशीं पानावर वाद सुरू झाला, तो जिंकला कां? आणि मौज अशी कीं, दहा वर्षें जीं कारणें पराभवासाठीं पुढें केलीं जात होतीं, तींच उलटीं फिरवून विजयास लावण्यांत आलीं. तेव्हांपासून या विषयावर चार शब्द लिहावे असें मनांत होतें.

ज्या वाचकांस या खेळाची ओळख नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. गोट्या खेळतांना पोरें अंगणांत खणतात तशा अठरा खळग्या विस्तीर्ण कुरणांत दूरदूर असतात. काठीनें चेंडू मारीत मारीत तो क्रमानें एकेका खळगींत घालावयाचा, आणि ज्यास सर्वांत कमी फटके लागतील तो विजयी. मोठ्या स्पर्धेंत ही प्रदक्षिणा चार दिवस, दररोज एकदां, करावी लागते. दोन दिवसांनंतर मागें पडलेल्यांस घरीं पाठवितात. वर्षांतून चार स्पर्धा थोर मानल्या जातात, आणि खेळाडूची योग्यता मुख्यतः त्या चारांवरून ठरते.

वूड्सचा जन्म १९७५ सालचा. १९९७ सालीं ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धा त्यानें वयाच्या एकविसाव्या वर्षीं बारा फटक्यांच्या अंतरानें जिंकली. २००० सालीं पेबल बीच येथें अमेरिकेची खुली स्पर्धा पंधरा फटक्यांनीं जिंकली. २००८ सालीं टोरी पाइन्स येथें पायाचें हाड तडकलेलें व गुडघ्याचा बंध तुटलेला असतांना तो पांच दिवस लंगडत खेळला आणि जिंकला. हें त्याचें थोर स्पर्धांतील चौदावें यश. या चौदाही वेळीं तिसऱ्या दिवसाअखेर तो पुढें किंवा पुढच्याच्या बरोबरीस होता. पुढें असलेला वूड्स थोर स्पर्धेंत हरत नाहीं, असा जणूं सिद्धांतच झाला होता.

तो सिद्धांत ऑगस्ट २००९ मध्यें हेझलटाइन येथें दक्षिण कोरियाच्या यांगनें मोडला. त्याच नोव्हेंबरांत वूड्सच्या घराबाहेर मोटारीचा अपघात झाला, त्यामागून त्याच्या गृहजीवनांतील दुराचार जगापुढें आला, आणि फेब्रुवारी २०१० मध्यें त्यानें जाहीर क्षमा मागितली. त्यानंतर नऊ वर्षें थोर स्पर्धेंत त्यास एकही यश आलें नाहीं, आणि जगभरच्या चाहत्यांस कारणें शोधण्याचा उद्योग मिळाला. आमचा थोरला पुतण्या म्हणे, मन खचलें. धाकटा म्हणे, पाठ गेली. कोणी म्हणे, नव्या गुरूनें फटक्याची पद्धत बिघडविली; कोणी म्हणे, बाप गेला आणि आधार तुटला; तर कोणी म्हणे, तरुण पिढीस त्याची भीति उरली नाहीं.

आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपुरतेंच. पण न्यायशास्त्राचे आरंभींचे पाठ गुरुजींपाशीं बसून झालेले आहेत. त्यांत कारणाची चर्चा येते, आणि उदाहरण घेतात तें घटाचें. घट झाला, त्याचें कारण कोण? माती, चाक, दांडा, कुंभार. पण ज्या गाढवानें ती माती आणली, तेंही घटाच्या आधीं तेथें होतेंच. मग तें कारण कां नव्हे? शास्त्रकार म्हणतात, नव्हे. कारण माती गाढवावांचूनही येऊं शकते. अशा कारणासारख्या भासणाऱ्या वस्तूस त्यांनीं ‘अन्यथासिद्ध’ असें नांव दिलें आहे. त्याच यादींत कुंभाराच्या बापासही बसविलें आहे. बाप नसता तर कुंभार नसता हें खरें, पण घट बापानें घडविला असें कोणी म्हणत नाहीं. खरें कारण ओळखण्याची कसोटी साधी आहे: तें असलें कीं कार्य घडतें आणि तें नसलें कीं घडत नाहीं, असें दिसलें पाहिजे. यासच अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात.

ही कसोटी वरील कारणांस लावून पाहूं. वूड्सचे वडील मे २००६ मध्यें वारले. त्यानंतर जूनमध्यें तो एका थोर स्पर्धेंतून दोन दिवसांतच बाहेर पडला हें खरें. पण जुलै व ऑगस्टमध्यें लागोपाठ दोन थोर स्पर्धा त्यानें जिंकल्या. तेव्हां हा कुंभाराचा बाप झाला. पद्धत बदलल्यानें तो बिघडला म्हणावें, तर १९९७ च्या विजयानंतरही त्यानें आपला फटका मुळापासून बदलला होता, आणि पेबल बीचचा पराक्रम त्या बदलानंतरचा आहे. २००४ नंतर दुसऱ्या गुरूच्या हाताखालीं त्यानें पुन्हां पद्धत बदलली, तरी सहा थोर स्पर्धा जिंकल्या. मन खचलें म्हणावें, तर हेझलटाइनचा पराभव अपकीर्तीच्या तीन महिने आधींचा. आणि २०१३ सालीं त्यानें पांच स्पर्धा जिंकून जगांतील पहिलें स्थान परत मिळविलें. खचलेल्या मनानें पांच स्पर्धा जिंकल्या असतील, तर मग मन हें त्या वर्षींच्या थोर स्पर्धांतील अपयशाचें कारण कसें? आणि मन सावरलें असेल, तर त्या चारांपैकीं एकही हाती कां लागली नाहीं?

पाठीचें तसें नाहीं. २०१४ पासून २०१७ पर्यंत त्याच्या पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या. शेवटच्या वेळीं कण्याचे दोन मणके एकत्र जोडावे लागले. पुन्हां स्पर्धेंत उतरतां येईल कीं नाहीं, याची त्यालाच खात्री राहिली नव्हती. जागतिक क्रमवारींत तो ११९९ व्या स्थानापर्यंत घसरला. दुखणें असतां खेळ नाहीं, दुखणें शमतां खेळ आहे, असा अन्वय-व्यतिरेक येथें जुळतो. म्हणून धाकट्याच्या म्हणण्यांत तथ्य आहे, असें आम्हीं मान्य केलें. पण केवळ त्या चार वर्षांपुरतें. त्याआधींच्या पांच वर्षांचा हिशेब पाठीच्या नांवें मांडतां येत नाहीं.

पण याहून मोठी चूक दोघांच्याही प्रश्नांतच होती. तो हरला कां, असें विचारतांना जिंकणें हें स्वाभाविक आणि हरणें तेवढें आगंतुक, असें त्यांनीं गृहीत धरलें होतें. या खेळांत वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक मंडळाच्या साडेतीनशेंहून अधिक स्पर्धा खेळून वूड्सनें ८२ जिंकल्या, आणि हा सर्वोच्च आंकडा सॅम स्नीडच्या बरोबरीचा आहे. म्हणजे ज्याच्या तोडीचा दुसरा नाहीं, तो चार वेळां उतरला तर तीन वेळां हरला. जॅक निक्लॉस याच्या नांवावर १८ थोर स्पर्धा आहेत, आणि १९ वेळां तो दुसरा आला. नैयायिक सांगतात कीं, कार्य एका कारणानें होत नाहीं, सबंध सामग्री जुळावी लागते. शरीर, मन, सराव, वारा, गवताची ओल, प्रतिस्पर्ध्याचा दिवस, हें सर्व जुळलें तर जय. यांतील एक उणें पडलें कीं पराजय. म्हणून पराजयास कारण सदैव सांपडतें, आणि सांपडलेलें कारण पुष्कळदां निरुपयोगी असतें.

आपण ज्याच्याकडून अपेक्षा करतों त्यालाच कारण विचारतों, हेंही लक्षांत घेण्यासारखें आहे. बेन होगन या जुन्या खेळाडूच्या मोटारीस फेब्रुवारी १९४९ मध्यें समोरून बस येऊन धडकली. शेजारीं बसलेल्या पत्नीस वांचविण्यासाठीं तो तिच्या अंगावर झुकला. त्याचीं हाडें मोडलीं आणि तो पुन्हां धड चालेल कीं नाहीं अशी शंका होती. अकरा महिन्यांनीं तो लॉस एंजेलिस येथें खेळला, बरोबरी साधली, आणि निर्णायक फेरींत स्नीडकडून हरला. त्या हरण्याचें कारण कोणीं विचारलें नाहीं. तो उभा आहे याचेंच लोकांस कौतुक. त्याच वर्षीं जूनमध्यें मेरियन येथें तो अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकला. उलट २०१० सालीं वूड्स पांच महिन्यांच्या खंडानंतर मास्टर्स खेळला आणि चवथ्या स्थानीं आला, तर जग म्हणालें, याचें बिनसलें काय?

आतां २०१९ चा विजय पाहा. शेवटच्या दिवशीं वूड्स दोन फटके मागें होता. मागून येऊन थोर स्पर्धा जिंकण्याचा त्याचा हा पहिलाच प्रसंग. पुढें होता इटलीचा मोलिनारी. बारावी खळगी सुमारें दीडशें यार्डांवर, मध्यें ओढा, आणि वारा क्षणाक्षणाला फिरणारा. मोलिनारीचा चेंडू पाण्यांत गेला. वूड्सनें झेंड्याचा मोह टाळून मधल्या सुरक्षित हिरवळीवर चेंडू ठेवला, आणि दोघे बरोबरीस आले. अखेर त्रेचाळिसाव्या वर्षीं एका फटक्यानें वूड्स विजयी झाला. यांत मनोधैर्य होतें, चोवीस वर्षांची त्या मैदानाची ओळख होती, जोडलेला कणा होता, आणि दुसऱ्याचा ओढ्यांत पडलेला चेंडूही होता. ‘मी म्हणत नव्हतों?’ असें म्हणण्याचा अधिकार यांतील कोणत्याच एका कारणास नाहीं.

हें सर्व आम्हीं पुतण्यांस ऐकविलें, तेव्हां थोरला हंसून म्हणाला, “काका, तुम्ही तर शाळेंत प्रगतिपुस्तकावर एका ओळींत कारण लिहीत होतां!” तो थट्टेनें बोलला, पण आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि तें कां तें वाचकांस सांगणें प्राप्त आहे.

आमच्या वर्गांत एक मुलगा होता. नेहमीं पहिल्या तिघांत. दहावीच्या सहामाहींत तो तीन विषयांत नापास झाला. त्या सुमारास तो स्नेहसंमेलनाच्या नाटकांत काम करीत होता. आम्हीं त्याच्या वडिलांस बोलावून ठामपणें सांगितलें, “नाटकानें मुलगा बुडाला.” नाटक बंद झालें. वार्षिक परीक्षेंत तो बऱ्यापैकीं पास झाला, आणि आमचें निदान अचूक ठरल्याचा आनंद आम्हीं पुष्कळ वर्षें बाळगला. पुढें तो संसारी गृहस्थ होऊन एकदां नमस्कारास आला, आणि बोलतां बोलतां सहज म्हणाला, “गुरुजी, त्या वर्षीं आजी अंथरुणास खिळली होती. रात्रीं तिच्या उशाशीं बसण्याची पाळी माझी होती. दिवाळीनंतर ती गेली. तालमीचे दोन तास तेवढे माझे होते.” त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती. एकत्र कुटुंबांत अशी सेवा इतकी स्वाभाविक कीं, वडिलांसही तें कारण वाटलें नाहीं. आणि आम्हीं तर त्या मुलास एक शब्दही विचारला नव्हता. माती कोठून आली याची चौकशी न करतां आम्हीं गाढवास मारलें. मारलेंही तें कीं ज्यानें त्याचें ओझें वाहिलें होतें.

वूड्सची कथा २०१९ वर थांबली नाहीं. फेब्रुवारी २०२१ मध्यें दुसऱ्या मोटार-अपघातांत त्याचा उजवा पाय चिरडला. चौदा महिन्यांनीं तो ऑगस्टा येथें चारही दिवस चालला आणि ४७ वा आला. २०२४ सालीं तेथेंच त्यानें शेवटच्या दोन दिवसांसाठीं लागोपाठ चोविसाव्या वेळीं पात्रता मिळवून विक्रम केला, आणि पात्र ठरलेल्यांत तो सर्वांत खालीं राहिला. मार्च २०२५ मध्यें टाचेमागचा स्नायुबंध तुटून आणखी एक शस्त्रक्रिया झाली. आमच्या घरचा वाद अर्थातच चालू आहे, आणि तो चालू राहावा. दूरच्या खेळाडूविषयीं तर्क लढविल्यानें त्याचें कांहीं बिघडत नाहीं.

परंतु घरांतला मुलगा नापास होतो, सून एखाद्या कामांत चुकते, भावाचा धंदा बसतो, तेव्हां पानावर बसून सात जण सात कारणें सांगतात आणि हरलेला खालीं मान घालून जेवतो. त्याचें मात्र बिघडतें. अशा वेळीं कारण सांगण्याची घाई वडीलधाऱ्यांनीं आवरावी, आणि सर्वांची पानें उठल्यावर त्यास जवळ बसवून एवढेंच विचारावें, “काय झालें, बाळ?” आम्हीं तें एकदां विचारलें नाहीं. ज्यांस अद्याप विचारतां येईल, त्यांनीं विचारावें.