स्टिकर नको, वॅट बघा!

पगार झालाय, ईएमआयचा हिशेब जमलाय आणि शनिवारी गेमिंग लॅपटॉपसाठी लॅमिंग्टन रोड गाठायचाय? सही! पण बजेट बेताचं असेल तर आय-फाइव्ह की आय-सेव्हन यावर डोकं शिणवू नका. पैसा ग्राफिक्सवर लावा. रॅम आणि एसएसडी बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये नंतर वाढवता येतात. ग्राफिक्स चिप मात्र बोर्डावरच पक्की बसवलेली, घेतली ती कायमची.

खरी गोम इथंच आहे, बॉस. एनव्हिडियाची आरटीएक्स ४०५० ही एकच लॅपटॉप चिप, पण कुणी ती ३५ वॅटवर चालवतं, कुणी ११५ वर. स्टिकर तोच! स्लिम-ट्रिम मॉडेल दिसायला झकास, पण मोठा गेम टाकला की धापा टाकतं. सेल्समन हा आकडा आपणहून सांगेलच असं नाही. तेव्हा ‘टीजीपी किती?’ हे थेट विचारा, कंपनीच्या साइटवर पडताळा. ३०५० घेणार असाल तर ४ जीबीवाली सोडा, ६ जीबीवाली घ्या. रॅम १६ जीबी, शक्यतो दोन स्टिकमध्ये. एकाच स्टिकवर फ्रेम्स घसरतात. आणि कीबोर्डातली रंगीत रोषणाई? ती दिवाळीत गॅलरीत लावू की!