किनारा कोणाचा?

मावळ तालुक्यातील पवना जलाशयाच्या काठी गेल्या काही वर्षांत एक नवा धंदा उभा राहिला आहे. लोहगड, तिकोना आणि तुंग या किल्ल्यांच्या पायथ्याशी पसरलेल्या पाण्याच्या कडेने शनिवार दुपारपासून रंगीबेरंगी तंबूंच्या रांगा लागतात. मुंबई-पुण्याहून मोटारी येतात, शेगड्या पेटतात, ध्वनिवर्धक गर्जू लागतात आणि रविवारी सकाळी चहा-पोहे घेऊन पाहुणे परततात. माणशी हजार रुपयांच्या आगेमागे दर पडतो. वृत्तपत्रांच्या पुरवण्या या ‘लेकसाइड कॅम्पिंग’चे तोंडभरून कौतुक करतात. त्या कौतुकात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. हा किनारा कोणाचा?

पवनेचा तलाव निसर्गाने दिलेला नाही. १९७२ च्या सुमारास येथे धरण उभे राहिले आणि पवन मावळातील शेतकऱ्यांची भाताची खाचरे पाण्याखाली गेली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये ही जमीन घेतली गेली, ती ‘सार्वजनिक प्रयोजना’च्या नावाने. राज्याचा पुनर्वसन कायदा झाला १९७६ साली. म्हणजे धरण आधी आणि विस्थापितांचा विचार नंतर! परिणामी पर्यायी जमिनीसाठी शेकडो खातेदार कुटुंबांना अर्ध्या शतकाहून अधिक काळ सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. ज्यांनी अर्ज केले ते गेले, आता त्यांची नातवंडे त्याच अर्जांच्या नकला घेऊन उभी आहेत. हेच पाणी बंद नळातून थेट पिंपरी-चिंचवडला नेण्याचा घाट घातला गेला तेव्हा नदीकाठचा शेतकरी रस्त्यावर उतरला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी, ऐन क्रांतिदिनी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. शेजारच्या मुळशी खोऱ्यात सेनापती बापटांनी १९२१ साली धरणग्रस्तांचा सत्याग्रह उभारला होता. नव्वद वर्षांनंतरही मावळ्याला उत्तर मिळाले ते बंदुकीचेच.

अशा भूमीवर आता तंबू ठोकले जात आहेत. त्यांतील काही खासगी जमिनीत आहेत, हे खरे. परंतु पाण्याची कड हंगामाप्रमाणे हलते. पावसाळ्यात जलाशय भरतो, उन्हाळ्याकडे ओसरू लागतो आणि धरणासाठी संपादित केलेली जमीन उघडी पडते. खेड्यातला माणूस तिला गाळपेर म्हणतो. या गाळपेर जमिनीविषयी शासनाचे धोरण जुने आहे: ती हंगामापुरती भाडेपट्ट्याने कसावयास द्यावयाची आणि देताना अग्रक्रम प्रकल्पग्रस्तांना द्यावयाचा. ज्याचे शेत बुडाले त्याचा उघड्या पडलेल्या मातीवर पहिला हक्क, हे तत्त्व शासनाने स्वतःच मान्य केलेले आहे. मग आमचा सवाल असा की, हरभरा पेरताना जे तत्त्व लागू होते ते तंबू ठोकताना का लागू होऊ नये? पिकापेक्षा पर्यटनात पैसा अधिक दिसू लागताच धरणग्रस्ताचा अग्रक्रम विरून जातो, हा कोणता न्याय?

यावर तत्काळ उत्तर मिळते की, स्थानिक तरुणांनाच यातून रोजगार मिळतो, तो तुम्ही हिरावून घेणार काय? मुळीच नाही. गावची काही पोरे स्वतःच्या जागेत स्वतःचे तंबू लावून चार पैसे मिळवितात, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते काठाच्या जमिनी घेऊन टाकणाऱ्या बाहेरच्या भांडवलाशी. तेथे जमिनीच्या मूळ मालकाचा मुलगा गाड्या लावून देतो, त्याची आई पाहुण्यांच्या भाकऱ्या थापते आणि नफ्याचा हिशोब शहरात होतो. मालकाला मजूर बनविण्याची ही जुनीच प्रक्रिया आहे. रोजगाराचे नाव घेणाऱ्यांनी किनाऱ्याची मालकी कोणाकडे जात आहे ते आधी सांगावे.

आपल्यातीलही काही मित्र या विषयाची हेटाळणी करतात. तंबूत जाऊन राहणे हा सुखवस्तूंचा चोचला, कामगार चळवळीने त्यात कशाला लक्ष घालावे, असे त्यांचे म्हणणे. ही भूमिका आम्हाला अजिबात मान्य नाही. ज्या रविवारी हे तंबू भरतात तो रविवार कोणी मिळवून दिला? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी झगडून १८९० साली साप्ताहिक सुट्टी पदरात पाडून घेतली. भारतीय संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदात कामगाराला निर्वाह वेतनाबरोबरच फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. विश्रांती आणि मोकळी हवा या श्रमिकाच्या हक्काच्या गोष्टी आहेत. आज मात्र ही चाके उलटी फिरविली जात आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत वाढविण्यास मान्यता दिली. बारा तास यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या चाकणच्या कामगाराने पवनेकाठचा सूर्योदय केव्हा पाहावा? घरोघर जेवणाचे डबे पोचविणाऱ्या दुचाकीवरच्या मुलाला तर रविवार हाच सर्वाधिक राबण्याचा दिवस. एकाची जमीन काढून घ्यावयाची, दुसऱ्याची फुरसत काढून घ्यावयाची आणि उरलेल्या किनाऱ्याचा बाजार मांडावयाचा, असा हा एकूण व्यवहार आहे.

किनारा सार्वजनिक ठेवून लोकांना तेथे स्वस्तात राहता येईल अशी सोय करणे अशक्य आहे, असे कोणी म्हणेल. त्याने भांडवलशाहीचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या अमेरिकेकडे पाहावे. तेथील घटक राज्यांनी तलावांच्या काठी सरकारी मालकीची उद्याने राखली आहेत. ठरावीक शुल्क भरून कोणीही तेथे आपला तंबू लावतो. या उद्यानांतील शेकडो ठिकाणच्या वाटा, निवारे आणि तळ महामंदीच्या काळात बेकार तरुणांच्या हातांनी घडले. १९३३ ते १९४२ या काळात रूझवेल्ट सरकारच्या नागरी संवर्धन दलात सुमारे ३० लाख तरुणांनी काम केले. महिना ३० डॉलर वेतन, आणि त्यातील २५ घरी जात. आम्ही या इतिहासाची आरती ओवाळीत नाही. त्या दलात काळ्या तरुणांच्या तुकड्या वेगळ्या ठेवल्या जात, आणि काळ्यांना समान प्रवेश द्यावा लागू नये म्हणून दक्षिण कॅरोलिना राज्याने १९६३ साली आपली उद्यानेच बंद केली. दार सर्वांना उघडे करण्यासाठी तेथेही लढावेच लागले. परंतु सार्वजनिक पैशातून सार्वजनिक विरंगुळा उभा राहू शकतो, एवढे त्यातून निश्चित सिद्ध होते.

आपल्याकडील कायदाही याच दिशेने बोट दाखवितो. बियास नदीच्या काठी एका हॉटेल कंपनीला दिलेला पट्टा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली रद्द केला (मेहता विरुद्ध कमलनाथ) आणि शासन हे नैसर्गिक संपत्तीचे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, हा सिद्धांत मांडला. त्याच वर्षी महाराष्ट्राने खासगी गिरिस्थानांना वाट करून देणारी नियमावली आणली. तिच्यातून वरसगाव धरणाच्या काठी लवासा उभे राहिले, २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नोटिशीत सापडले आणि २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. डोंगर मात्र पोखरला गेला तो गेलाच. किनारे धनिकांच्या हवाली करण्याचा हा अनुभव पुरेसा नाही काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. धरणासाठी संपादित झालेल्या काठावरील प्रत्येक जमिनीचा सध्याचा वापर गावनिहाय जाहीर करावा. पुनर्वसन पूर्ण झाल्याखेरीज त्या जमिनीचा एकही पट्टा पर्यटन कंपनीला देऊ नये. तंबूंचे तळ चालविण्याचा पहिला अधिकार गाळपेरीच्या धर्तीवर धरणग्रस्तांच्या सहकारी संस्थांना असावा. काठाचा ठरावीक भाग कामगार कुटुंबे, शाळा आणि युवक मंडळे यांच्यासाठी नाममात्र शुल्कात राखून ठेवावा. पवनेचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून लाखो लोकांच्या घरी पिण्यासाठी जाते, तेव्हा शौचालय आणि सांडपाण्याची सोय नसलेला तळ, मग तो कोणाचाही असो, चालू देऊ नये. प्रत्येक तळावर जीवरक्षक असावा. दरवर्षी बुडून मरणाऱ्या तरुणांना ‘अतिउत्साही’ ठरवून शासनाची सुटका होत नाही.

या मागण्या निवेदनाच्या कागदावर राहिल्या तर व्यर्थ होत. मावळातील कार्यकर्त्यांनी प्रत्येक गावच्या ग्रामसभेत त्या ठरावाच्या रूपाने मांडाव्यात, आणि पिंपरी-चिंचवडच्या कामगार संघटनांनी त्या ठरावांना जाहीर पाठिंबा द्यावा. शहराने पाणी प्यावे आणि गावाने तहानेले राहावे, या भांडणात दोघांना आजवर परस्परांविरुद्ध उभे केले गेले. धरणग्रस्ताचा किनारा आणि कामगाराचा रविवार यांची मागणी एकाच व्यासपीठावरून झाली, तर हे भांडण लावणाऱ्यांची पंचाईत होईल. येत्या ग्रामसभांपासूनच या कामाला प्रारंभ व्हावा.